किराळ

रक्त इतकं लाल होतं की पाहताक्षणी विषाचं नाव डोक्यात आलं. मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर दोन गाई बांधालगत मरून पडल्या होत्या आणि तिसरी आडवी पडून धापा टाकत होती. तिच्या मानेतल्या शिरेत सुई घातली तर आत आलं ते धमनीतल्यासारखं लख्ख रक्त. गुदमरणाऱ्या जनावराचं रक्त काळपट दिसतं. इथे रक्तात ऑक्सिजन भरपूर होता आणि गाय मात्र त्याच्यावाचूनच मरत होती. सायनाइड हेच करतं. पेशीत ऑक्सिजन शेवटी जिथे वापरला जातो, त्या सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाच्या विकरातल्या, म्हणजे एन्झाइममधल्या, लोहाला ते चिकटतं. मग श्वास चालू असला तरी उपयोग नसतो.

"साहेब, ह्यो त्याचाच उद्योग," मालक पलीकडच्या रानाकडे हात करून म्हणाले. ते रान त्यांच्या धाकट्या भावाचं. बांधाचा वाद कोर्टात गेलेला. कुणीतरी पोलीस पाटलांना फोनही केला होता.

बोलायला वेळ नव्हता. आधी सोडियम नायट्राइट शिरेतून, सावकाश. त्याने रक्तातल्या थोड्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, आणि त्या बदललेल्या हिमोग्लोबिनकडे सायनाइड ओढलं जाऊन पेशीतलं विकर मोकळं होतं. पण नायट्राइटचा हात जड झाला तर ऑक्सिजन वाहायलाच रक्त उरत नाही, म्हणून डोळा सतत हिरड्यांच्या रंगावर. त्यामागून सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाल्यांचा हायपो. त्यातलं गंधक घेऊन शरीर सायनाइडचं थायोसायनेट बनवतं आणि ते लघवीवाटे जातं. थोडा हायपो पाण्यातून पोटातही दिला, कारण कोठीपोटात, म्हणजे रवंथाआधी चारा साठतो त्या पोटात, विष अजून सुटतच असणार होतं. अर्ध्या-पाऊण तासाने गाईने मान उचलली, मग पुढचे पाय मुडपून बसली. मालकांच्या घरच्या मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून रडत होत्या.

मग मी रान पाहायला गेलो. रब्बी ज्वारीचं रान. कडब्यासाठीची ज्वारी आपल्याकडे मुळासकट उपटतात. पण कडेच्या एका तुकड्यात पाहुण्यांसाठी हुरडा केला होता आणि उरलेली धाटं हिरव्या वैरणीसाठी विळ्याने कापली होती. नंतर अवकाळीची एक सर येऊन गेली आणि त्या खुंटांवर वीतभर उंचीचे हिरवेगार फुटवे आले. सकाळी दावं तुटून गाई तिथे शिरल्या होत्या.

एकदल झाडांची ही ताकद मला नेहमी थक्क करते. हरभऱ्याची वाढ शेंड्यावर चालते, म्हणून तर आपण शेंडे खुडतो. ज्वारीचं लहान रोप वाढीचा कोंब पानांच्या आवरणात, जमिनीलगत दडवून ठेवतं, आणि पान टोकाकडून नाही, बुडाकडून लांबतं. धाट कापलं तरी बुडाच्या पेरांवरचे डोळे जिवंतच असतात. जनावरांनी खाऊनही गवतं टिकली ती अशी. पण नवा फुटवा कोवळा असतो, त्याला राखण लागते. ती राखण म्हणजे धुरिन.

टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून ज्वारी धुरिन बनवते आणि वर साखरेचा एक रेणू जोडून ते पानाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशव्यांमध्ये, साठवते. ते फोडणारं विकर मात्र आतल्या पेशींच्या हरितलवकांत असतं. काडी आणि काड्यापेटी वेगळ्या खिशांत ठेवावी तसं. अख्ख्या पानात त्यांची गाठ पडत नाही. दाढेखाली पान चिरडलं की दोन्ही एकत्र येतात, साखर सुटते आणि पाठोपाठ हायड्रोजन सायनाइड. गाईच्या कोठीपोटातले जिवाणूही हेच काम करतात, म्हणून रवंथ करणाऱ्यांना धोका जास्त. रोप जितकं लहान, पाण्यासाठी जितकं तरसलेलं, आणि जमिनीत नत्र जितकं जास्त, तितकं धुरिन वाढतं. डन्स्टन आणि हेन्री यांनी १९०२ सालीच ते ज्वारीतून वेगळं काढलं होतं. बांबूच्या कोवळ्या कोंबातही त्याचाच जुळा रेणू असतो. कोंब उकळून पाणी ओतून देतात ते त्यासाठी.

हे सगळं बांधावर सांगून कोणी ऐकलं नसतं. माझ्याकडे सोडियम पिक्रेटमध्ये भिजवलेल्या पिवळ्या कागदी पट्ट्या होत्या. सायनाइडची वाफ लागली की त्या लालसर होतात. पोलीस पाटील आणि दोन्ही भाऊ यांच्यासमोर बाटल्या मांडल्या. एकीत मालकांच्या रानातले फुटवे चिरून, दुसरीत मेलेल्या गाईच्या पोटातला चारा, तिसरीत गंजीतला कडबा, आणि चौथीत धाकट्याच्या रानातले फुटवे, कारण हुरड्यानंतर त्यानेही तसंच कापलं होतं. प्रत्येकीत क्लोरोफॉर्मचे थेंब टाकले, पट्टी लोंबती ठेवून बूच लावलं आणि बाटल्या उन्हात ठेवल्या. फुटव्यांच्या दोन्ही पट्ट्या आधी केशरी झाल्या, मग विटकरी. पोटातल्या चाऱ्याचीही तशीच. कडब्याची पिवळी ती पिवळीच राहिली. मी फुटव्याचं एक पान उचलून पाटलांच्या हातात दिलं आणि म्हणालो, हे विष कुणी बाहेरून आणलेलं नाही. कीटकनाशक असतं तर बहुधा तोंडाला फेस-लाळ आणि डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या दिसल्या असत्या. या गाईच्या बाहुल्या मोठ्या होत्या.

"आमचा आजा म्हणायचा, किराळ लागली," थोरले हळूच म्हणाले. किराळ लागणं म्हणजे ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावराला विषबाधा होणं. म्हणजे घरात ठाऊक होतं. दोन पिढ्यांत ते मागे पडलं आणि रिकामी जागा संशयाने घेतली, याचं मला फार वाईट वाटलं. धाकटा काही बोलला नाही. त्याच्या शेळ्या बांधाच्या खालच्या अंगाला चरत होत्या. तो पळत गेला आणि हाकत घराकडे घेऊन आला.

मावशींना दुसरीच काळजी होती. "डॉक्टर, ह्याच धाटांचा हुरडा नातवंडांनी खाल्लाय की ओ." मी त्यांना सांगितलं, धुरिन मुख्यतः कोवळ्या पाल्यात असतं, पिकलेल्या दाण्यात नसतं. हुरड्याची काळजी नको, आणि मालदांडी ज्वारीच्या भाकरीतही ते नाही. मोड आणलेल्या ज्वारीचे कोंब मात्र कच्चे खाऊ घालू नका.

राहिले फुटवे. उपटायचे तर मजूर मिळेना. मी म्हटलं, विळ्याने कापा आणि चांगले वाळवा. वाळताना सायनाइड बरंचसं निघून जातं. नंतर त्यातलं थोडं घेऊन पट्टी लावून बघू, पिवळी राहिली तर कडब्यात थोडं थोडं मिसळून द्या. खुंट पुन्हा फुटणारच, म्हणून त्या तुकड्याला काटेरी झाप लावायचं ठरलं. बाभळीच्या फांद्या धाकट्याच्या रानात होत्या. त्याने त्या स्वतःच तोडून आणल्या.