स्पिंडल जळालं, भरून घेऊ की बदलू? माझा अनुभव

मागच्या महिन्यात ट्रेलरच्या मधल्या एक्सलचं डावं बेरिंग जाम झालं. ड्रायव्हरला आरशात धूर दिसला म्हणून गाडी वेळेत थांबली, नाहीतर चाक हबसकट (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) निघून गेलं असतं, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. हब काढला तर ग्रीसचा पार कोळसा, रोलर चपटे झालेले आणि आतला कोन (बेरिंगची आतली रिंग) स्पिंडलला, म्हणजे बेरिंग ज्यावर बसतं त्या एक्सलच्या टोकाला, असा चिकटलेला की पुलरने हलेना, शेवटी ग्राइंडरने कापावा लागला. कापताना आरपार जायचं नाही, थोडी जाडी राखायची आणि छिन्नीने फोडायचा, कारण स्पिंडलवर एक चरा जरी पडला तरी पुढे तिथूनच क्रॅक सुरू होऊ शकते.

मिस्त्री म्हणाले, "शेठ, वेल्डिंगने भरून देतो, सकाळी गाडी लोडिंगला लावा." माल भरायचा बाकी होता, पार्टीचे फोन चालू होते, खरं सांगतो मला मोह झाला. पण मी विचारलं की एक्सल न उतरवता गोल कसं करणार, तर उत्तर आलं ग्राइंडर आणि पॉलिश पेपरने हाताने. बेरिंगच्या जागेला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब असतो, तिथे हाताने गोल? नाही म्हणालो.

मग नीट साफ करून बघितलं. आतल्या बेरिंगच्या जागेवर बोटभर रुंद जांभळट निळा पट्टा होता. स्टील निळं पडलं म्हणजे ते साधारण 300 डिग्रीपर्यंत तापलेलं असतं, त्याच्यापेक्षा जास्तही तापलेलं असू शकतं, आणि मग मूळ हीट ट्रीटमेंटचा भरवसा राहत नाही. हा रंग पॉलिश पेपर मारला की निघून जातो, म्हणून घासायच्या आधी बघा आणि फोटो काढून ठेवा. मायक्रोमीटर उभा आणि आडवा दोन्हीकडून लावला, कारण स्पिंडल फिरत नाही, वजन कायम कोनच्या खालच्या बाजूवर येतं आणि झीजही तिथेच जास्त होते. उभं माप आडव्यापेक्षा सरळसरळ कमी आलं. मग क्रॅक शोधायची डाय टेस्ट केली, लाल डाय लावून पुसली, वर पांढरी पावडर मारली आणि जिथे जाडी बदलते त्या खांद्यापाशी केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटली. ती रेघ बघितल्यावर भरून घ्यायचा विषय माझ्यासाठी संपला. प्रत्येक खड्ड्याला वाक तिथेच येतो आणि वेल्डिंगच्या कडेचं स्टील कडक, ठिसूळ होतं.

रिपेअर वाईटच असते असं नाही हं. त्याच ट्रेलरच्या उजव्या बाजूला आधी एकदा ऑइल सीलच्या जागेवर खाच पडली होती आणि नटाचे दोन आटे दबले होते, तिथे सीलची स्लीव्ह (धातूची पातळ नळी) मारली, आटे फाइलने साफ केले आणि गाडी अजून छान चालते. बेरिंगची जागा मापात, रंग नाही, क्रॅक नाही, तर बदलायचं कशाला?

आता पूर्ण एक्सल बदलायचा की फक्त टोक कापून नवीन स्पिंडल बसवायचं? एक्सलची नळी सरळ होती, ब्रेकचे ब्रॅकेट ठीक होते, म्हणून टोक कापायचं ठरवलं, पण ज्याच्याकडे अलाइनमेंट बार आहे त्याच्याकडेच. बार नळीतून जातो, नवीन स्पिंडल दुसऱ्या बाजूच्या रेषेत धरतो, मग प्रीहीट (आधी तापवणं), वेल्डिंग आणि सावकाश थंड. नुसत्या नजरेने लावलं तर चाक तिरकं बसणार आणि टायर खाणार. वेल्डिंगची अर्थिंगची वायर कामाच्या जवळच लावायची, करंट बेरिंगमधून गेला तर नवीन बेरिंग पण खराब होतं. हे सगळं ट्रेलरच्या एक्सलचं आहे. पुढच्या स्टिअरिंग एक्सलच्या नकलला (चाकासोबत वळणारा भाग) वेल्डिंग अजिबात नाही, तो बदलायचाच, आणि ड्राइव्ह एक्सल (इंजिनची ताकद चाकाला देणारा) असेल तर आधी बनवणाऱ्याचं मॅन्युअल बघा.

कोन आणि कप (बेरिंगची बाहेरची रिंग) दोन्ही नवीन घातले, सीलही नवीन, आणि डायल गेज लावून हबची चाल, म्हणजे नट आवळल्यावर उरणारी आत-बाहेरची हालचाल, 0.025 ते 0.125 मिलिमीटरमध्ये आणली. मला वाटतं मुळात तिथेच चुकलं होतं, आधीच्या वेळी नट अंदाजाने आवळला होता.

पहिल्या ट्रिपला मी स्वतः सोबत गेलो, तासाभराने गाडी थांबवून दोन्ही हबला हात लावला, डावा उजवा सारखाच कोमट.