निरोप

शनिवार, रात्री साडेदहा

आज समुपदेशक बाईंकडे आमची पाचही जणांची चौथी खेप. जूनपासून लेकीचं पोट दुखायचं, तेही नेमकं शाळेच्या दिवशी. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, काही निघालं नाही. मुलांच्या डॉक्टरांनीच सुचवलं, एकदा सगळं घर घेऊन जा. हे म्हणाले, "आपल्या घरातलं परक्यासमोर कशाला? ही परदेशी खुळं." सासूबाई मात्र पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभ्या होत्या. त्याचं मला अजून नवल वाटतं.

आणि परदेशी तरी कसं म्हणावं? १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहायला लावत, असं बाईंनी सांगितलं. बरा झालेला माणूस परत त्याच घरात जाणार ना.

आज बाईंनी आमच्या तीन पिढ्यांचा नकाशा काढला. पुरुष चौकोनात, बायका गोलात. माझ्या आणि ह्यांच्यामधली रेघ नागमोडी. मग आम्हा दोघांना काही न विचारता त्या नऊ वर्षांच्या धाकट्याकडे वळल्या. "आई-बाबांचा अबोला असतो तेव्हा घरात सगळ्यात जास्त काम कोणाला पडतं?"

"ताईला. आई म्हणते बाबांना सांग, बाबा म्हणतात आईला विचार. ती सारखी फिरते."

लेक खाली मान घालून बाहीचं टोक चावत होती. माझ्या पोटात कालवलं. गॅस संपत आला, क्लासची फी भरायची, लग्नाला जायचं की नाही, सगळे निरोप तिच्याच हाती. दोघांना आपसातला ताण पेलेना की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, हा त्रिकोण मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी मांडला म्हणे. मला दिसला तो आमचाच: स्वयंपाकघर, हॉल आणि मधल्या पॅसेजमध्ये उभी असलेली माझी मुलगी.

गृहपाठ असा, की ज्याच्याशी काम त्याच्याशीच बोलायचं आणि "तुम्ही नेहमीच" असं म्हणून तोंड उघडायचं नाही. दुसरं मला फार जड जाणार आहे. पोटदुखी अजून गेलेली नाही. या आठवड्यात दोनदा झाली. आधी रोज असायची.

जेवणं झाल्यावर हॉलमध्ये गेले. लेक वही घेऊन बसली होती. माझी चाहूल लागताच तिने मान वर केली, निरोप घ्यायला. "तुझं चालू दे," म्हटलं आणि ह्यांच्यासमोर जाऊन बसले.

"गॅसचा नंबर लावायचाय. आणि लग्नाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय."

ह्यांनी मोबाइल पालथा ठेवला. म्हणाले, "बोल."