‘मी’ न म्हणता

२५ जुलै, कोल्हापूर

पंचगंगेचं पाणी कुठवर आलं, याशिवाय गावात आज दुसरा विषय नाही. माझ्या डोक्यात मात्र फ्रेंच कवी आंद्रे शेनिए. १७९४ साली याच तारखेला पॅरिसमध्ये त्याला गिलोटिनवर चढवलं. वय ३१. दोनच दिवसांनी रोबेस्पिएर, ही दहशत चालवणारा क्रांतिनेता, पकडला गेला. थोडक्यात हुकलं, असं वाटतं खरं. पण १० जूनच्या कायद्याने आरोपीचा वकीलच काढून घेतला होता आणि निकाल दोनच उरले होते, सुटका किंवा मृत्यू. ‘तुरुंगात कट केला’ एवढा आरोप पुरत असे. रुशे हा दुसरा कवीही त्याच दिवशी गेला.

सँ-लाझारच्या तुरुंगात शेनिएबरोबर एमे द कोईन्यी होती, चोवीस वर्षांची. ‘तरुण बंदिनी’ ही शेनिएची कविता तिच्यावरची. सहा-सहा ओळींची नऊ कडवी. पहिली सात तिच्या तोंडी: कोवळं कणीस विळ्यातून वाचून पिकतं, द्राक्षवेल घाण्याची धास्ती न घेता उन्हाळाभर पहाट पिते, मग मला इतक्यात मरायचं नाही. आपल्याकडे गळिताआधीचा ऊस डोलतो तसंच हे.

प्रेमकविता म्हणून वाचायला घेतली की इथेच फसगत होते. सात कडवी झाली तरी कवीच्या स्वतःच्या प्रेमाचा उच्चार नाही. आठव्यात कवी सांगतो, हे बोल मी ऐकले, छंदात बसवले. आणि अगदी शेवटी: जे तिच्या सहवासात दिवस काढतील, त्यांनाही तिच्यासारखीच दिवस संपण्याची भीती वाटेल. ‘जे’ म्हणतो, ‘मी’ नाही. माझ्या मते कबुली ती एवढीच.

छंदाकडेही बघावं. कडव्यातली तिसरी आणि सहावी ओळ आठ अक्षरांची, बाकीच्या बारांच्या. तुरुंगातच त्याने मारेकऱ्यांवर जहाल कविता लिहिल्या, कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर, बारीक अक्षरात. त्या धुण्याच्या कपड्यांतून बाहेर गेल्या. त्यांतही बारा-आठ, बारा-आठ. माप तेच, पण तिथे आखूड ओळ चाबकासारखी बसते. दोन्ही शेजारी ठेवून मोठ्याने वाचाव्यात.

एमेने पुढे मोन्त्रोंशी लग्न केलं. तोही त्याच तुरुंगातला कैदी. ते लग्न टिकलं नाही, ते असो. ‘तरुण बंदिनी’ १७९५च्या जानेवारीत एका नियतकालिकात आली. शेनिएच्या कवितांचं पुस्तक निघायला १८१९ उजाडलं. इटालियन संगीतकार जिओर्दानोच्या शेनिएवरच्या १८९६च्या ऑपेरात एमेवरून घेतलेली नायिका आपणहून त्याच्याबरोबर मरायला जाते. खरी एमे १८२०मध्ये वारली.