दहा सिलांचा फरक

बेरीज जमत नव्हती. सुमेरियन लिपीतल्या एका मातीच्या पाटीवर तेरा ओळींची बेरीज ३२५ सिला (सिला हे धान्याचं माप), आणि पाटीच्या मागच्या बाजूला लेखनिकाने मांडलेली ३१५. पाट्यांच्या सूचीत हिच्यापुढे शेरा आधीच पडलेला होता: 'लेखनिकाची चूक'.

पाटी गिर्सू या सुमेरियन शहराची, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या तेल्लोची. तारखेच्या ओळीत 'अमर-सुएन राजा झाला ते वर्ष' असं आहे, प्रचलित कालगणनेनुसार इ.स.पू. २०४६. मजकूर विणकर बायकांच्या महिन्याच्या जवाच्या वाट्याचा. सुमेरियन लोकांबद्दल बोलायचं म्हटलं की अनेकांना परग्रहावरचे पाहुणेच आठवतात. त्या शहरांत कोण राबत होतं आणि काय खात होतं, ते मात्र या तळहाताएवढ्या चिखलाच्या पाट्यांवर आहे आणि फार कमी जणांना ते वाचावंसं वाटतं.

एक सिला म्हणजे साधारण एक लिटर. १० सिलांचा बान, ६ बानांचा बारिगा, ५ बारिगांचा गुर. विणकर बाईला सहसा ३ बान, एखादीला ४. पुरुष मजुराला सहसा ६० सिला. मुलांना वयाप्रमाणे १०, १५ किंवा २०. हिशेबाचा महिना सरसकट ३० दिवसांचा, म्हणजे ३ बानवाल्या बाईला दिवसाला एक सिला. सगळ्यात लहानाच्या वाट्याला सिलाचा तिसरा हिस्सा, जेमतेम दोन वाट्या कच्चे जव. या पाटीवर ३ बानवाल्या सात जणी, ४ बानवाली एक, २० सिलांची दोन मुलं, १५ सिलांचं एक आणि १० सिलांची दोन. खाली बेरीज मात्र १ गुर, १ बान, ५ सिला.

लेखनिक चुकायचे, नाही असं नाही. सहावर आणि पाचवर हातचा घेताना घोळ व्हायचा, बानाची एखादी खूण गळायची. पण फरक बरोबर एका मुलाच्या वाट्याएवढा असेल तर आधी कडा तपासायच्या, मग माणसाला दोष द्यायचा. सूचीत 'चूक' हा पर्याय एका टिचकीवर ठेवलाय, तो मला मान्य नाही. कोठारातल्या जवाचा हिशेब वरपर्यंत द्यावा लागणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त जपून लिहीत असणार.

पाटीचे फोटो सहा बाजूंनी घेतात: पुढची, मागची आणि चार कडा. पालटताना पुस्तकाच्या पानासारखी पालटायची नाही, खालची कड वर आणायची. नाहीतर मागचा मजकूर उलटा दिसतो. उजेड वरून-डावीकडून टाकायचा हा रिवाज, कारण बोरूने दाबलेल्या खुणा त्या उजेडात उठून दिसतात. पण त्याच उजेडात डावी कड भगभगीत होते, आणि ओळीचं पहिलं चिन्ह नेमकं तिथेच, मातीच्या उतारावर असतं. या पाटीच्या त्या कडेवर मिठाचा थरही होता. खारट जमिनीतून निघालेल्या न भाजलेल्या पाटीत मीठ मुरलेलं असतं. हवेतला ओलावा कमी-जास्त झाला की ते स्फटिक होऊन वर येतं आणि सोबत पृष्ठभागाचे पापुद्रे उचलतं. जुनं वाचन झालं तेव्हा तो थर तसाच होता. मधल्या काळात जतन विभागाने सूक्ष्मदर्शकाखाली तो खरवडून काढला, पण नवे फोटो काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवा उजवीकडे नेला, अगदी आडवा धरला. बारा ओळींच्या सुरुवातीला एकाची उभी खूण होती: एक माणूस. नवव्या ओळीला ती नव्हती. तिच्या जागी छोटं, घाईने दाबलेलं 'उश' हे चिन्ह होतं. मेलेला. हजेरीच्या याद्यांत नावाआधी असं लिहितात. पळून गेलेल्याचं चिन्ह वेगळं. त्या ओळीतला वाटा बेरजेत धरायचा नसतो. ३२५ मधून १० गेले. लेखनिक बरोबर होता.

आठव्या ओळीत गेमे-लम्मा, ३ बान. नवव्या ओळीत १ बान, एक नाव, आणि शेवटी 'दुमु-नि', तिचं मूल. आईच्या वाट्यात काही बदल नाही.

जव द्यायचेच नव्हते तर ती ओळ लिहिली कशाला, हे डोक्यातून जात नाही. हिशेबाच्या बाजूने उत्तर सरळ आहे: आधीच्या महिन्याच्या यादीत ते मूल असणार, तेव्हा या महिन्यात १० सिला कोठारातच का राहिले याचं कारण दाखवावं लागतं. ओळ गाळली असती तर विचारणा झाली असती. म्हणजे कोठाराच्या हिशेबासाठी ते नाव लिहिलं गेलं आणि म्हणूनच आपल्यापर्यंत आलं. लेखनिकाने ते लिहिलं तेव्हा आई विणकामशाळेत कामावर होती, एवढं पाटीवरून कळतं.

सूचीतला 'चूक' हा शेरा काढला, नव्या उजेडातले फोटो जोडले, बेरजेखाली टीप दिली. त्या मुलाच्या नावाचं पहिलं चिन्ह 'गेमे' स्पष्ट आहे. पुढे माती उडालीय, दोन चिन्हांएवढी जागा. आईच्या नावावरून 'लम्मा' भरून टाकावं असा आग्रह झाला. मी भरलं नाही. नोंद अशी आहे: गेमे-[…].