एका बर्थवर दोघं

"ऱ्हाऊ दे भाऊ, आम्हनं जमी जाई." मी माझा बर्थ देऊ केला तर आजीनं एवढंच म्हटलं.

प्रयागराजहून परत येताना. साइड लोअरवर हे आजी-आजोबा, आरएसीचं तिकीट. म्हणजे एका बर्थवर दोघं, रात्रभर. आजी पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या. आजोबा त्यांच्या पायाशी बसून, मांडीवर गंगाजळाचा कॅन.

आणि आम्ही नवरा-बायको? दोघांचे बर्थ कन्फर्म, पण एक खाली, एक वर. त्यावरून टीसीशी हुज्जत घालून झाली होती. मग ती वर मोबाईलमध्ये, मी खाली मोबाईलमध्ये. रात्री तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "पाणी आहे का?" चार फुटांवरून! मी अंगठा पाठवला.

इटारसी गेलं तेव्हा जाग आली. आजोबा जागेच. खिडकीतून वारा येत होता म्हणून त्यांनी आपला टॉवेल आजीच्या पायांवर टाकलेला, आणि तो उडू नये म्हणून टोक हातात धरून बसलेले. खंडव्यालाही तसेच.

रावेरच्या केळीच्या बागा दिसायला लागल्या तशा आजी उठल्या. डब्यातून कळण्याची भाकरी काढली, कडक झालेली. अर्धी मोडून आजोबांच्या हातावर ठेवली आणि करवादल्या, "रातभर जागा व्हतात ना? माले उठाडं का नही?"

आजोबा काही बोलले नाहीत. भाकरी खात राहिले.

भुसावळच्या अलीकडे तापीचा पूल लागला. मी वर हाक मारली, "खाली ये, तापी आली." ती आली. कानातलं इअरफोनचं एक बोंडूक मात्र तसंच होतं.

तुमच्याकडे काय परिस्थिती?