रोलंडचे नाव छापलेले आहे

बिग ब्लॅक या अमेरिकन रॉक बँडची पहिली ईपी (अल्बमहून छोटी तबकडी), 'लंग्ज', बऱ्याच वर्षांनी पुन्हा ऐकली आणि दुपारपासून मनाला काहीतरी बोचते आहे. आवाज अजूनही तसाच आहे: पत्रा कापत जावी तशी गिटार आणि तिच्याखाली रोलंड टीआर-६०६ या ड्रम मशीनचा न थकणारा, न चुकणारा ठोका. बोचते आहे ते पहिलेच गाणे, 'स्टीलवर्कर'.

जालन्यात वाढलेल्या मुलाने हे नाव वाचल्यावर दुसरे कोण आठवणार? माझे वडील, अण्णा, पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये होते. एका स्टँडमधून, म्हणजे रुळांच्या जोडीतून, बाहेर येणारी लालभडक सळई चिमट्याने धरून तिचे टोक पुढच्या स्टँडमध्ये द्यायचे, हे त्यांचे पाळीभराचे काम. सदऱ्याच्या बाह्यांवर ठिणग्यांची बारीक भोके पडत, कडेने तपकिरी, आणि नवा सदरा मिलवर घालायचा नाही असा आईचा दंडकच होता. ते गाणे त्या वयात मी आमच्या घरचे म्हणून ऐकले, आणि ते ऐकताना छाती फुगायची, हेही लिहून ठेवतो.

आज त्या गाण्यातला माणूस परका वाटला. तो जीव घेण्याच्या बढाया मारतो. त्याला पाळी नाही, हजेरी नाही, रात्री कंबर शेकावी लागत नाही. बिग ब्लॅक उभा करणारा स्टीव्ह अल्बिनी तेव्हा अमेरिकेत एव्हॅन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारिता शिकत होता आणि वय एकोणीस-वीस. उसना घेतलेला चार ट्रॅकचा रेकॉर्डर घरात लावून, एका मित्राचा सॅक्सोफोन सोडला तर सगळे त्याने एकट्यानेच वाजवले, गायले आणि १९८२ मध्ये ते बाहेर आले. त्या वयात असा भयंकर माणूस कल्पिणे मी समजू शकतो. पण त्याला पोलाद कामगारच का करावे, हा प्रश्न दुपारपासून पाठ सोडत नाही.

त्याहून अधिक बोचते ते श्रेयनामावलीतले. ड्रम मशीनला तिथे वादक म्हणून स्थान आहे: रोलंड. यंत्राचे नाव छापले गेले. अण्णांचे नाव हजेरीपटाखेरीज कुठे छापले गेले असेल, तर ते वर्तमानपत्रातल्या त्या चौकटीत. आणि इतके आवाज जपून ठेवणाऱ्या माझ्याजवळ त्यांचा आवाज नाही. त्याविषयी आज लिहवत नाही. खोली रिकामी करण्याचेही राहिलेच आहे.

संध्याकाळी मात्र अल्बिनीवरचा राग ओसरला. ही ईपी पुढे त्याला स्वतःलाच ऐकवत नसे. आणि पुढचे आयुष्य त्याने ज्या रीतीने काढले, ते पाहिले की त्या गाण्याकडे थोडे मवाळपणे पाहता येते. निर्वाणा या बँडचा 'इन युटेरो' हा १९९३ चा अल्बम ध्वनिमुद्रित करण्याआधी त्याने बँडला पत्र लिहून कळवले होते की विक्रीतला वाटा मला नको, प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या. निर्माता म्हणवून घेणे त्याला पटत नसे, 'ध्वनिमुद्रण' एवढेच लिहा, असे तो सांगे. शिकागोतल्या आपल्या स्टुडिओत तो बॉयलर सूट घालून काम करी. ७ मे २०२४ रोजी, एकसष्टाव्या वर्षी, तो गेला. कामाचा मोबदला कामापुरता घ्यावा, हे अण्णांना त्याने समजावून सांगायची गरज पडली नसती.

रात्री पुन्हा लावले, या वेळी नुसता ठोका ऐकला. पुढच्या वर्षीच्या 'बुलडोझर'मध्ये गिटारवर सँटियागो दुरांगो आणि बेसवर जेफ पेझाटी आले, आवाज भरीव झाला, जाणकार तीच ईपी सरस ठरवतील आणि ते बरोबरच आहे. मला तरीही 'लंग्ज'च जवळची वाटते, कारण तिच्यात एकट्या माणसाला यंत्राच्या गतीने चालावे लागते आणि दोन-तीन जागी त्याची दमछाक स्पष्ट ऐकू येते.