एक घमेलं आणि चाळीस बॅगा

आमच्या मशरूमच्या शेडमध्ये चौथ्या रांगेतली कंपोस्टची बॅग बघितली तेव्हा वाटलं, स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, मस्त धरलंय. पांढरंशुभ्र जाळं, जरा जास्तच दाट. तीन दिवसांनी त्याच जागी गडद हिरवा डाग. मी बोट लावलं आणि बारीक पूड उडाली. तिथंच चुकलं. ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू, आणि तोच हात मी पुढच्या बॅगांना लावला.

ही ट्रायकोडर्मा. नाव ऐकून मामा म्हणाले, "अगं, ही तर आपण डाळिंबाला देतो की, मर रोगावर!" देतोच. आमच्या सोलापूर भागात शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून बागेला घालणं नेहमीचंच. पण तिच्यात प्रजाती अनेक. बटन मशरूमचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ट्रायकोडर्मा अ‍ॅग्रेसिव्हम. १९८५ साली आयर्लंडमध्ये तिची साथ आली, तेव्हा तिला ट्रायकोडर्मा हार्झियानम ही दुसरी प्रजातीच धरलं होतं. वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं २००२ मध्ये. अर्थात बाकीच्याही कंपोस्टमध्ये शिरल्या की नुकसान करतातच.

दोनशेपैकी चाळीस बॅगा गेल्या. हिरव्या जागी एक पिनहेड, म्हणजे मशरूमचा कोंब, येत नाही, आणि आजूबाजूला जे येतं त्यावर तपकिरी डाग. बाजारात कोण घेणार? वर लाल माइट्स, म्हणजे बारीक कोळी, जमतात, बीजाणू अंगावर घेऊन दुसऱ्या बॅगेवर जातात.

मूळ शोधताना मला सारखं एक घमेलं आठवतं. कंपोस्टचं पाश्चरायझेशन, म्हणजे वाफेनं तापवून नको ते जंतू मारणं, नीट झालं होतं, ५७ ते ६० अंश मी स्वतः बघितले होते. पण स्पॉनिंगच्या, म्हणजे कंपोस्टमध्ये स्पॉन मिसळायच्या दिवशी घमेलं कमी पडलं आणि बागेतलं आणलं, नुसतं पाण्यानं खंगाळून. कडेला शेणखत चिकटलेलं होतं. पाश्चरायझेशननंतर जे आत येतं, त्याला अडवायला कोणी नसतं.

डागांवर मीठ टाकलं, ओला कागद दाबला, म्हणजे पूड उडू नये. मग बॅगा बाहेर नेऊन खोल पुरल्या. आता चांगल्या रांगांचं काम आधी, शंका असलेल्या रांगा शेवटी. शेडच्या घमेल्यांना निळा रंग दिलाय, ती बागेत जात नाहीत. मामाही चपला दारात काढून, हात धुऊनच आत येतात.

काल नव्या लॉटची पहिली बॅग उघडली. पांढरं दिसलं आणि छातीत धस्स झालं. वाकून वास घेतला. मशरूमचाच होता.